मोहाखालची जमीन

माझ्या मोहाखालची जमीन बघायला शेजारगावच्या बायका यायच्या. बढाई मारत नाही. यायच्या, वाकून भुईवर बोट फिरवायच्या, आणि बोटाला काडी लागायची नाही. आमच्या हेटीझरीत मोहाची झाडं घरागणिक वाटलेली आहेत, बापजाद्यांपासून. माझ्या वाट्याला नऊ. नऊही झाडांखाली मी भुई अशी करायची की वर उघडं पोर निजवावं.

कशी करायची ते सांगून ठेवते, कारण आता ते कोणी करत नाही. माघ सरता सरता मोहाची पानं गळतात. झाडाखाली वीत-वीत थर बसतो. त्यात फूल पडलं तर दिसत नाही, दिसलं तर पानाचा चुरा चिकटून येतो. म्हणून फूल गळायच्या आठ दिवस आधी पानांना आग लावायची. माझी सासू म्हणायची, "वाऱ्याच्या समोरून लाव, म्हंजे हळू चालते. मागून लावशील तर तुझ्या पुढं पळेल." हातात हिरवी डहाळी धरून आगीच्या कडेकडेनं चालायचं, बाहेर पडू पाहील तिथं झोडायचं. नंतर खराटा. राख झाडली की खाली काळी, गुळगुळीत भुई. तिच्यावर पहाटे पिवळी फुलं पडलेली असायची, काळ्या लुगड्यावर बुट्टी काढावी तशी. त्या जळक्या पानांचा वास माझ्या केसांत चैतभर राहायचा. लग्न होऊन आले तेव्हा त्या वासानं मला खोकला यायचा. पुढं तो वास आला नाही तर वर्ष सुरू झाल्यासारखं वाटायचं नाही.

पन्नास वर्षं मी ही भुई केली. मग ती मशीन आली.

मशीन म्हणजे एक डबा नव्हे. वर आकाशात उपग्रह, तो रानावर उजेडाच्या बारीक सुया सोडतो आणि झाडाझाडाची उंची, घेर मोजतो. खाली रानात खोडांना बांधलेल्या करड्या डब्या. त्या वारा हुंगतात. प्रत्येक जिवाचं काहीबाही वाऱ्यात सुटत असतं, केस, कातडीचा भुगा, फुलाची धूळ. त्यावरून डबीला कळतं इथून काय गेलं, काय जगतं. आणि तिसरा तो कान. खोडाला दोन खिळे टेकवायचे, हातोडीनं एकावर टिचकी मारायची, आवाज लाकडातून दुसऱ्या खिळ्याला किती वेळात पोचला ते तो ऐकतो. निरोगी लाकडात आवाज सरळ जातो, जळक्या लाकडात अडखळतो. त्यावरून झाड न कापता त्याच्या आतली वर्षावर्षाची कडी पडद्यावर उमटतात.

हे सगळं चालवायला मोजणी मंडळानं आमच्या गावातून जिला निवडलं ती माझी सून, करिश्मा. बारावी पास. हातात पडद्याची पाटी, पाठीवर पिशवी, आणि घरात चुलीवरची भाजी करपलेली.

"रान मोजतेस तशी कधी मिठाची चिमूट मोज," मी म्हणायची.

"मीठ तुमच्या जिभेवर कमी आहे का, आत्याबाई?" असं म्हणून ती हसत निघून जायची.

समाजमंदिरात मोठ्या पडद्यावर तिनं पहिल्यांदा आकडा दाखवला तेव्हा मी पुढच्याच रांगेत बसले होते. मी दुसरीपर्यंत शिकले आहे, पण तिनं सांगितलं ते मला समजलं. आमच्या गावाचं रान चारशे दहा हेक्टर. वर्षभरात आपण त्यातून फुलं, पानं, बांबू, सरपण, मध असं जे काढतो, ते पुन्हा वाढायला किती हेक्टर रान लागतं, तो आपला ठसा. आपला ठसा निघाला तीनशे तीस हेक्टर. म्हणजे रान वाढतं त्याहून आपण कमीच घेतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोलीस पाटील गेंदलाल तर उभा राहून मिशांना हात लावू लागला.

"थांबा जी," करिश्मा म्हणाली. "हा आजचा झाला. अजून एक आकडा आहे."

मशीनला प्रत्येक झाडाचं वय ठाऊक. कोणतं झाड साधारण कधी पडेल आणि त्याच्या जागी यायला खाली कोण उभं आहे, हे धरून ती रानाला चाळीस वर्षं पुढं चालवून बघते. आज घेतो तेवढंच तेव्हा घ्यायला किती रान लागेल, तो पुढचा ठसा. तो होता एकोणीसशे हेक्टर. एवढं रान आमच्या आजूबाजूच्या पाच गावांचं मिळून होत नाही.

"आपल्याकडं मोहाची अकराशे झाडं आहेत," करिश्मा म्हणाली. "अकराशेतली जवळपास सगळी साठ वर्षांवरची. गाव धरा ना. गावात सगळे म्हातारे. हिंडतात, फिरतात, जेवतात. मोजले तर माणसं भरपूर. पण पाळणा एकही हलत नाही."

कोणी टाळी वाजवली नाही.

नियम असा होता, की पुढचा ठसा लागोपाठ तीन वर्षं रानाच्या बाहेर गेला तर बारा वर्षं रान बंद. तार, फाटक, आत पाय ठेवायचा नाही. गावानं खरं कारण दाखवून उपाय लिहून दिला तरच मुदत. दोन वर्षं आम्ही एकमेकांकडं बोटं दाखवण्यात घालवली. बांबूवाले, गुरंवाले, सरपणवाल्या. यंदा तिसरं वर्ष. होळीआधीच्या सभेत कारण सांगितलं नाही तर फाटक लागणार होतं.

मी एकाहत्तर वर्षांची. बारा वर्षं म्हणजे माझं उरलेलं सगळं.

सभेला पाच दिवस होते. मी भाकरी थापत होते. करिश्मा दारात येऊन उभी राहिली.

"आत्याबाई, एक बोलू?"

"न बोलता राहिलीस कधी?"

"मोहाले पोरं होतात. मी मोजली. पावसाळ्यात एकेका झाडाखाली दोनशे रोपं उगवतात. फागुन सरला की एक नाही राहत."

"गुरं खातात."

"गुरं नाही खात. काय खाते ते कानानं सांगितलं. तुमच्या नऊही झाडांच्या बुडाशी लावून पाहिलं. दर वर्षाच्या कड्यावर काळा डाग आहे. जिथवर मोजता आलं, तिथवर एक वर्ष सुटलेलं नाही."

मी भाकरी तव्यावर टाकली. "सरळ बोल."

"आग, जी. झाड मोठं असते, ते डाग घेऊन जगते. बोटभर रोपटं कसं जगंल?"

"माझ्या सासूनं लावली, तिच्या सासूनं लावली. तेव्हा रान नव्हतं का? तुझी मशीन काल आली न् माझी भुई घाण म्हणते?"

"घाण नाही म्हणत. साफ म्हणते. लय साफ."

भाकरी करपली. माझ्या हातून, पन्नास वर्षांत पहिल्यांदा. ती बघितली असूनही करिश्मा काही बोलली नाही, हे मला जास्त लागलं.

"आत्याबाई, नाल्यापलीकडं, जुनं गाव उठलं त्या रिठीजवळ, नकाशात एक हिरवा ठिपका येते. सतरा तरणी झाडं एका ठिकाणी. आगीमुळं होते हे दाखवायचं तर जिथं आग नाही लागली ते झाड पायजे. मी तिकडं निघाली तर ह्यांनी अडवलं. म्हणाले, आईले विचार."

माझा चैतू. लेकरू अजून घाबरतं.

"तिकडं नाही जायचं," मी म्हटलं.

"कायले?"

"नाही म्हटलं ना."

आता सांगते. माझ्या वाट्याला नऊ झाडं नव्हती, दहा होती. दहावं मी मोजत नाही.

चैतूचे बाबा सावकाश माणूस. दहा पावलं चालले की बसायचे. मी टोपली भरून परत यायची तोवर हे झाडाला टेकून कोण जाणे काय ऐकत असायचे. त्या वर्षी मी डहाळी घेऊन दहाव्या झाडाखाली गेले तर हे आडवे उभे.

"यंदा इथं नको लावू," म्हणाले.

"का?"

काठीनं पानं बाजूला केली. खाली तांबूस कोवळ्या पानांची रोपं, बोटभर, हातभर. मागच्या दोन वर्षी नाला भरून राहिल्यानं आग तिथवर पोचलीच नव्हती. "बघ, किती पोरं. होऊ दे मोठी."

"तुम्ही पोरं मोजत बसा, फुलं दुसरेच नेतील. अन् पानांत फूल शोधत कोण बसंल?"

"मी बसतो," म्हणाले. "पानं राहू दे. पानांवर फूल पडलं तर ऐकू येते. तुझ्या भुईवर पडलेलं ऐकूच नाही येत."

मी हसले. चारचौघींना सांगून हसवलं सुद्धा. आमच्या घरचा माणूस फुलं ऐकतो म्हणे.

आठव्या दिवशी झुंजूमुंजू असताना ते एकटे गेले. अस्वलाला मोहाची फुलं आवडतात, आमच्याकडं लहान लेकराला ठाऊक असतं. तेही तिथंच आलं होतं. दोघांच्याही माना खाली, दोघंही पानांत फुलं शोधत. एकमेकांजवळ येईपर्यंत दोघांना कळलं नाही. चार जणांनी बाजेवरून आणलं त्यांना.

भुई साफ असती तर ते काळं धूड लांबून दिसलं असतं. हे मी त्या दिवशी म्हटलं आणि नंतर रोज म्हणत राहिले. त्यानंतर माझ्या नऊ झाडांखाली मी दुप्पट आग लावली. दहाव्याकडं मी गेले नाही, कोणाला जाऊ दिलं नाही. तेवीस वर्षं.

करिश्माला नाही म्हटलं खरं, पण रात्रभर ते फाटक डोळ्यांपुढून हटलं नाही. दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आल्यावर मी कोयता कमरेला खोचला, काठी घेतली.

"चल," मी करिश्माला म्हटलं. "पण पुढं मी चालणार. अन् तुझा ठिपका खोटा निघाला तर ही मशीन नाल्यात फेकीन."

"सरकारी आहे जी."

"मग तुले फेकीन. तू माझी आहेस."

नाला उतरले. पलीकडं चढताना गुडघे बोलू लागले, मी त्यांना गप्प केलं. वाट बुजली होती, पण पाय विसरले नव्हते. वळणावर उभी राहिले आणि मला झाड सापडेना. म्हातारा मोह एकटा असायला हवा होता, उघड्यावर. पुढं तर गर्दी होती.

मग दिसला. मधोमध तो, आणि भोवती सतरा जण. दोन पुरुष, अडीच पुरुष उंच. खोडं माझ्या मांडीएवढी. फांद्यांच्या टोकाला कळ्यांचे झुबके धरलेले. खाली पानं, माझ्या पोटरीपर्यंत. मी पन्नास वर्षं ज्याला घाण म्हणत आले तसली भुई.

करिश्मानं म्हाताऱ्या झाडाला खिळे टेकवले. टिचकी मारली. पाटीवर कडी उमटू लागली, आतून बाहेर, पाण्यात खडा टाकल्यासारखी. काळा डाग, काळा डाग, काळा डाग. सासूची आग, माझी आग. मग डाग थांबले. पुढं नुसती स्वच्छ कडी, सालीपर्यंत.

"शेवटचा डाग दोन हजार सतराचा," ती म्हणाली. "त्यानंतर एकही नाही. इथं असं काय झालं होतं, आत्याबाई?"

मी पानांवर बसले. ज्या बाजूला त्यांनी काठीनं पानं सारली होती, त्याच बाजूला झाडं दाट होती. एक इथं होतं, एक त्या दगडाला लागून, दोन जुळी. मी ती बोटभर असताना पाहिली होती. मी त्यांच्यावर हसले होते.

मग मी सुनेला सगळं सांगितलं. ती तिच्या सासऱ्याला कधी भेटली नव्हती, माझ्या तोंडून तिनं त्यांच्याबद्दल दोन वाक्यंही ऐकली नव्हती. मग ती माझ्या शेजारी पानांत बसली आणि म्हणाली, "हे सभेत नाही दाखवलं तरी चालंल. मी दुसरं काही पाहतो."

"दुसरं आहे का काही?"

"नाही जी."

"मग खोटं कशाले बोलतेस?"

सभेला मंडळाचे साहेब आले होते, चष्मा नाकावर, बोलायला मऊ. गेंदलालनं सुरुवात केली. बांबूवाले, गुरंवाले, सरपणवाल्या. तिसऱ्या वर्षी तेच. मी उठले.

"गेंदलाल, खाली बस. तुझं भाषण मशीनला पाठ झालं."

लोक हसले. मी करिश्माला म्हटलं, दोन्ही झाडं दाखव. तिनं पडद्यावर दोन खोडं दाखवली, शेजारी शेजारी. एक काळ्या डागांचं, एक मधूनच स्वच्छ झालेलं.

"हे डागांचं झाड माझं," मी म्हटलं. "गावात सगळ्यात साफ भुई माझी, हे तुम्ही सगळ्यांनी म्हटलंय. तर गावात सगळ्यात जास्त पोरं मी मारली. दरवर्षी, माझ्या हातानं, वाऱ्याची दिशा पाहून. अन् हे दुसरं झाडही माझंच. तिथं मी आग लावली नाही. लावली नाही म्हणून आज रानात सतरा झाडं उभी आहेत. कारण पायजे होतं ना साहेब? हे घ्या."

पुन्हा गेंदलालच उठला.

"काकी, आग नाही लावली तर पानांत अस्वल दिसणार कसं? तुमच्याच घरी..." पुढचं त्यानं गिळलं.

"बोल ना. माझ्याच घरी. अस्वलानं माझा माणूस नेला, तुझा नाही. म्हणून ह्यावर मी बोलीन, तू ऐक." मी आवाज वर चढवला. "फूल भुईवर पडूच नाही द्यायचं. जुनी लुगडी एकाला एक शिवा, झाडाखाली कमरेइतकी उंच बांधा. फुलं त्यात पडतील. मग अंधारात पळायचं कामच नाही. ऊन आलं की जा, झोळी सोडा, टोपली भरा. कडेकडेला पडतील ती अस्वलानं खावी. त्याचंही पोट आहे."

"अन् डबीला अस्वलाचा वास कळते," करिश्मा उठून म्हणाली. "जवळ आलं तर फोनवर सांगते. मी सगळ्यांच्या फोनमध्ये टाकून देतो."

"पण एवढी लुगडी आणायची कुठून?" गेंदलालनं विचारलं.

"तुझ्या बायकोच्या पेटीत एकवीस पडलीत. ती नेसत नाही न् देत नाही. मी पाहिलीत."

सगळ्यात मोठ्यानं गेंदलालची बायकोच हसली. पण हात वर झाले तेव्हा ते हळूहळू झाले. आगीशिवाय मोह कोणी वेचलाच नव्हता. शेजारच्या जनकाबाईचा हात शेवटी, रडत रडत वर झाला. तिला त्या जळक्या वासाचं वाईट वाटत होतं. मला काय वाटत होतं ते मी कोणाला दाखवलं नाही.

साहेबांनी पाच वर्षांची मुदत लिहिली. म्हणाले, "त्या सतरा झाडांची जागा नमुना म्हणून नोंदवावी लागेल. तिथं कोणी काही काढायचं नाही, नुसतं मोजायचं. जागेला नाव काय देऊ?"

करिश्मानं पाटी धरली आणि माझ्याकडं पाहिलं. तिला वाटलं मी देवाचं नाव सांगेन.

नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, अशी मी वाढले. लग्नात एकदा घेतलं असेल. शाळेच्या दाखल्यावर चैतूनं लिहिलं, मृत्यूच्या दाखल्यावर ग्रामसेवकानं. मी कधी नाही.

"लिही," मी म्हटलं. "दसरू."

ती लिहीत होती. मी पुन्हा म्हटलं, नीट, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "दसरू कोडापे."

आता हा तिसरा हंगाम. रानात गेलं तर वाटतं जत्रा भरली आहे. झाडाझाडाखाली हिरवी, निळी, तांबडी लुगडी ताणलेली. माझं लग्नातलं पिवळं पाचव्या झाडाखाली आहे. पहिल्या वर्षी त्यात फुलं पडली तेव्हा मी तासभर तिथून हलले नाही. करिश्माचा फोन वाजला की बाया "आलं, आलं" करत चहा ठेवतात, अस्वल खाऊन गेलं की उठतात. भाजी अजून करपते.

पुढचा ठसा एकोणीसशेवरून सोळाशेवर आला आहे. तो चारशे दहाच्या आत यायला तीस वर्षं लागतील असं ती सांगते. मी तोवर नसेन. झाडांखाली गुडघाभर रोपं आहेत, तांबूस पानांची. चालताना मी पाय उचलून टाकते, शिव्या देत देत.

खोटं कशाला सांगू, ती काळी भुई मला आठवते. माघात वारा सुटला की हात डहाळी शोधतो. केसांना नाक लावून बघते, नुसता तेलाचा वास येतो. माझ्यासारखी भुई आता हेटीझरीत कोणी करणार नाही, आणि करू नये हे मीच उभी राहून सांगितलं.

सकाळचं आटोपलं की मी नाला ओलांडून दहाव्या झाडाकडं जाते. तिथं लुगडं बांधलेलं नाही. टेकून बसते. वारा नसला तर थोडा वेळ काही होत नाही. मग वरून एक फूल सुटतं आणि वाळक्या पानांवर पडतं. मग दुसरं, त्या दगडाशी. मग सतरांपैकी कुठल्यातरी एकाचं, मागं.

ऐकू येते, मी म्हणते. येते हो ऐकू.